अस्तरातली दहा वाक्यं

धाकटीच्या इंग्रजीच्या सरांनी निरोप पाठवला की तुमच्या सुनेच्या डोक्यात क्लॉज शिरत नाही.

माझ्या सुनेच्या! मी तिला दिवसातून चार वेळा बिनडोक म्हणते, ती गोष्ट वेगळी. मी तिची सासू आहे. हा माणूस कोण लागून गेला? संध्याकाळच्या वर्गात खडू झिजवतो आणि माझ्या घरातल्या डोक्यांची मापं काढतो.

आमचं शिवणकामाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधोमध कापायचं टेबल, खिडकीशी दोन मशिनी, दारामागे इस्त्रीची फळी. कापड मी बेतते आणि मीच कापते. शिवते थोरली सून. काज, बटणं, अस्तर आणि इस्त्री धाकटीकडे. थोरलीच्या तोंडात सकाळी नऊपासून टाचण्या असतात, त्यामुळे ती फक्त "म्म" म्हणते. एवढ्या वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही. टाचण्यांचे उपकार आहेत.

धाकटी मात्र बोलते. बाकीच्या सगळ्या विषयांत पास होऊन ती इंग्रजीत दोनदा नापास झालेली. हॉस्पिटलात नाव नोंदवायच्या खिडकीवर एक जागा होती, आणि तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं की इंग्रजीचा दाखला आणा, जागा तुमची. यंदा परीक्षा दिली नाही तर वयाची अट ओलांडणार, म्हणजे हीच शेवटची संधी. आणि परीक्षेच्या फॉर्मवर सही हवी त्याच सरांची. सरांनी अट घातली होती: दोन-दोन क्लॉज असलेली दहा वाक्यं, पुस्तकातली नाहीत, स्वतःची आणि खरी. ती बरोबर आली तरच सही.

मी म्हटलं, "काय असतं गं हे क्लॉज? मला सांग. मी चौथी शिकलेय."

"आई, एका मोठ्या वाक्याच्या पोटात दोन वाक्यं असतात. एक मुख्य. ते एकटं उभं राहू शकतं. दुसरं त्याच्या आधाराने असतं, एकटं सोडलं तर लोंबकळतं. आता बघा हं, 'जेव्हा आई ओरडल्या'. एवढंच म्हटलं तर पुरं वाटतं का?"

"वाटतं की. मी ओरडले, विषय संपला."

थोरली म्हणाली, "म्म."

"अहो, पण पुढे काय झालं?"

"पुढे काय व्हायचंय? सगळे कामाला लागले."

"झालं! 'सगळे कामाला लागले', हे मुख्य वाक्य. 'जेव्हा आई ओरडल्या', हे त्याच्या आधाराचं. एवढं मला कळतं आई, पण लिहायला बसलं की कुठलं मुख्य आणि कुठलं आधाराचं, सगळा गुंता होतो."

मी उठले. खुंटीवर एक अर्धा शिवलेला कोट होता, तो काढून टेबलावर उलटा टाकला. "हे वरचं कापड. हे आतलं अस्तर. अस्तराशिवाय नुसता कोट घालून माणूस रस्त्यावर जाईल का?"

"जाईल. जरा टोचेल."

"आणि कोटाशिवाय नुसतं अस्तर घालून?"

धाकटी हसत सुटली. थोरलीला हसू आलं आणि एक टाचणी खाली पडली.

"मग लिहायला बसलीस की विचार, हे वाक्य एकटं घालून रस्त्यावर जाता येईल का? आलं तर तो कोट. लाज वाटली तर अस्तर. आणि ते 'जेव्हा', 'जरी', 'कारण', त्या तुझ्या दोघांना जोडणाऱ्या शिवणी. इंग्रजीत त्यांना काय म्हणतात ते तुझ्या सरांना विचार, मला नको."

खरं सांगते, दुसऱ्या दिवसापासून पोरगी धडाधड वाक्यं पाडायला लागली. काज करता करता मध्येच उठायची आणि हाताला येईल त्यावर लिहायची. कागद आमच्या दुकानात एकच, मापांची वही, आणि तिला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. म्हणून तिने एक वाया गेलेला अस्तराचा तुकडा धरला. त्यावर बॉलपेनने वाक्यं उतरवायची, आणि लिहून झालं की मला मराठीत सांगायची.

"थोरल्या जाऊबाई बोलत नाहीत, कारण त्यांच्या तोंडात टाचण्या असतात."

"छान. पुढे."

"जेव्हा आई 'मला दिसतंय' म्हणतात, तेव्हा सुई मी ओवते."

"हे खोडून टाक."

"सरांनी खरी वाक्यं लिहायला सांगितलीत."

"खरी सांगितलीत, सगळी नाही सांगितली."

तिने खोडलं नाही. आणि मला त्या तुकड्यावरचं काही दिसत नव्हतं, तेव्हा ती आणखी काय काय लिहीत गेली हे मला तिने सांगितलं तेवढंच कळलं. हो, दिसत नव्हतं. आता लिहितेच आहे तर लिहून टाकते. दोन वर्षांपासून मला जवळचं सगळं पुसट दिसतं. कापड मी हाताने ओळखते, कात्री सवयीने चालते, माप वितीने घेते आणि धाकटीला टेप वाचायला लावते, म्हणते, तुला सराव हवा. घरात कोणाला बोलायची छाती नव्हती.

आता सरांच्या कोटाकडे येते.

हे सर आमचं गिऱ्हाईकसुद्धा होते. त्यांना कुठल्याशा सत्काराला घालायला राखाडी कोट हवा होता. माप देताना छाती पुढे, पोट आत, श्वास कोंडलेला. "पोट छत्तीस. कॉलेजात होतो तेव्हापासून छत्तीस."

आमच्या धंद्याची एक रीत आहे. गिऱ्हाईक सांगेल ते माप वहीत, आणि डोळ्याला दिसेल ते माप कापडावर. मला दिसत नसलं तरी सरांचं पोट दिसायला डोळे लागत नव्हते, ते टेबलाला आधी लागलं. वहीत मी छत्तीस लिहायला लावलं आणि कोट कापला चाळिसाचा. गिऱ्हाईक आरशात बघून म्हणतं, वा, छत्तीसचा कोट अजून बसतो! गिऱ्हाईक खूश, आपण गप्प. आमच्या यांनी ही रीत घालून दिली आणि आजवर ती घराबाहेर गेली नाही.

कोटाचं उजवं अस्तर कापताना माझा हात चुकला आणि ते बोटभर आखूड आलं. ते बाजूला टाकून मी दुसरं कापलं. तो आखूड तुकडा म्हणजेच धाकटीने लिहायला घेतलेला तुकडा. वाक्य लिहून झालं की ती तो कापायच्या टेबलावरच टाकायची. मग मी सगळे भाग गोळा केले, गाठोडं बांधलं आणि थोरलीकडे दिलं. माझ्या दुकानात असा नियम आहे की मी बांधलेल्या गाठोड्याबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत, जे निघेल ते शिवायचं. थोरलीने शिवलं. खुणा केलेली बाजू आत आणि कोरी बाजू बाहेर, हाही नियमच. एक तुकडा बोटभर आखूड निघाला, तर तिने ओढून ताणून बसवला आणि "म्म" म्हणाली. मला वाटलं, नेहमीचं म्म आहे. सर कोट घेऊन गेले.

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस उजाडला. धाकटी सकाळी चिंध्यांच्या टोपलीत आपला तुकडा शोधत होती. तिने एक तुकडा वर काढला. कोरा, पुऱ्या मापाचा, कुठेही पेनाची रेघ नाही.

"आई, हे तर सरांच्या कोटाचं उजवं अस्तर."

"मग?"

"मग कोटात काय गेलं?"

थोरलीने मशीन थांबवली. मी तो तुकडा हातात घेऊन चाचपला. पुऱ्या मापाचाच होता.

"वाक्यं मला पाठ आहेत," धाकटी म्हणाली, "ती आत्ता कागदावर उतरवते. पण आई, त्यातलं सातवं तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"काय आहे सातवं?"

"'सर जरी छत्तीस सांगत असले, तरी कोट चाळिसाचा आहे.'"

"अगं कार्टे! ते तू त्यांनाच दाखवणार होतीस?"

"नाही हो! कागदावर उतरवताना ते गाळून दुसरं घालणार होते. पण जमलं छान होतं ना."

मी म्हटलं, शिवलेल्या कोटाच्या आत कोण बघायला जातंय? लिहिलेली बाजू आत आहे. दहा वर्षं कोट टिकेल, सर म्हातारे होतील, कोणाला काही कळणार नाही. तू नवीन सातवं लिही आणि पाचला वर्गात जाऊन सही घे.

एवढं बोलते आहे तोच दारात सर. अंगात राखाडी कोट.

"बाई, हा कोट उजवीकडे ओढतो. हात वर केला की सगळं अंग वर येतं. आज वर्ग सुटला की सत्कार आहे."

"ठेवून जा सर. तासाभराने या."

"नाही, मी इथेच बसतो. माझ्यासमोर उसवा आणि माझ्यासमोर शिवा. शिंपी लोक आत काय काय घालतात, मला ठाऊक आहे."

मला राग आला तो गिळावा लागला, कारण आत काय घातलं होतं ते मलाही ठाऊक होतं.

सर खुर्चीत बसले. खिशाला लाल पेन. आमच्या दारावरच्या पाटीत एक चूक होती, तीही बसल्या बसल्या सांगून झाली. मी कोट घेतला आणि म्हटलं, इस्त्रीने ओढ जाईल. धाकटीने इस्त्री फिरवली. सरांनी कोट घातला, हात वर केला, ओढ तशीच. मी म्हटलं, नवीन कापड आहे, अंगाला बसायला दोन दिवस लागतात. सर म्हणाले, माझ्याकडे दोन दिवस नाहीत. मी म्हटलं, चहा घेता का? सर म्हणाले, उसवा.

मी कात्री घेतली आणि खालच्या बाजूने दोन बोटं उसवलं.

"एवढ्यात काय दिसणार? आणखी."

आणखी दोन बोटं उसवलं. धाकटी इस्त्रीमागे उभी होती आणि इस्त्री फळीवर तशीच टेकलेली. जळका वास आला, तेव्हा थोरलीने जाऊन ती उचलली. मी मुद्दाम हळू करत होते, पण दिसत नसताना हळू करणं म्हणजे संकट. कात्री सटकली आणि अस्तर काखेपर्यंत सरळ उघडलं.

सरांनी ते उलटून खिडकीकडे धरलं.

इंग्रजी लिहिलेलं काहीही समोर आलं की या माणसाचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. टोपण काढून तो वाचायला लागला. पहिलं, दुसरं, तिसरं. ओठ हलत होते. तिसऱ्यापाशी एक स्वल्पविराम घातला, माझ्या अस्तरावर. मग सातवं आलं असावं, कारण ओठ थांबले.

"हे कोणी लिहिलं?"

धाकटी पुढे आली. "मी, सर."

"आणि माझ्या कोटात शिवलंत. म्हणजे मी सत्काराला उभा राहणार, लोक टाळ्या वाजवणार, आणि माझ्या छातीशी ही थट्टा. बुद्धी लागते असल्या कामाला. अभ्यासाला नाही लागली कधी." पेनाचं टोपण टक्‌कन बसलं. "सही विसरा आता. पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष तिला नव्हतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

 धाकटीला एकच वाक्य बोलायचं होतं, की गाठोडं आईंनी बांधलं. ती बोलली नाही. थोरलीही माझ्याकडे बघत होती. तुकडा आखूड आहे हे तिला शिवतानाच कळलं होतं, तीही बोलली नाही. दोघी बोलल्या असत्या तर मी दोघींना फाडून खाल्लं असतं. पण त्या गप्प राहिल्या, तेव्हा बोलायचं माझ्यावर आलं. या दुकानात चुका गिऱ्हाइकाच्या असतात, कापडाच्या असतात, मशीनच्या असतात. माझी कधी झालेली नव्हती.

"सर," मी म्हटलं, "तुकडा मी घातला. चांगला आणि वाया गेलेला, दोन्ही माझ्यासमोर होते. मला फरक दिसला नाही. मला काहीच धड दिसत नाही. दोन वर्षं झाली."

इतकं बोलायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात दोन पँटी कापून झाल्या असत्या.

सर जरा वरमले. "ठीक आहे. चूक झाली असेल. पण हे सातवं वाक्य? मी काय सांगितलं होतं? स्वतःचं आणि खरं. हे धडधडीत खोटं आहे. मी छत्तीस आहे. घ्या टेप, मोजा."

आता बघा माझी अवस्था. छत्तीस म्हटलं तर सर खूश, कोट दुरुस्त, आमच्या यांची रीत शाबूत. पण मग वाक्य खोटं ठरलं, पोरीने गुरूची टिंगल केली, सही गेली. खरं सांगितलं तर गिऱ्हाईक गेलं, आणि तेही चारचौघांत पोटाचा आकडा काढून. आजवर मी कुठल्याही गिऱ्हाइकाला त्याचा खरा आकडा तोंडावर सांगितलेला नाही. वजनदार माणसंही हलकी होऊन आमच्या दारातून बाहेर पडतात, त्यावर तर दुकान चालतं.

मी टेप सरांच्या पोटाभोवती घेतली. "श्वास सोडा, सर."

"सोडलाय."

"सगळा सोडा. टेप वाट बघेल."

शेवटी सुटला. मी नखाने जागा धरली, पण आकडा कुठे दिसतोय! धाकटीला वाचायला लावलं असतं तर सर म्हणाले असते, तिच्या सोयीचा वाचला. म्हणून मी थोरलीला हाक मारली.

थोरली आली. टेपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तोंडातून टाचण्या काढायला लागली. एक, दोन, तीन, अशा अकरा टाचण्या, एकेक करून उशीत खोचल्या. सर श्वास न घेता उभे.

"एक्केचाळीस," थोरली म्हणाली. आणि गोड आवाज आहे हो तिचा, मी विसरलेच होते.

 सरांनी स्वतः वाकून आकडा बघितला, त्यासाठी पोट आत ओढावं लागलं, मग पुन्हा सोडलं. खुर्चीत बसले. अस्तर मांडीवर घेतलं. सातवं पुन्हा वाचलं.

"मुख्य क्लॉज बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "आधाराचा क्लॉजही बरोबर जोडलाय. आकडा तेवढा चुकलाय."

"चुकलेला नाही," मी म्हटलं. "कोट चाळिसाचाच आहे. शिवणीत एका इंचाची माया, म्हणजे जादा कापड, सोडलीय, वाढत्या अंगाला."

"वाढत्या अंगाला!" सर म्हणाले, आणि त्यांचं पोट हलायला लागलं. आधी मला वाटलं रडतायत. हसत होते.

पण मास्तर शेवटी मास्तर. म्हणाले, दहापैकी नऊ धरतो. सातवं मी कोणाला दाखवणार नाही, तेव्हा ते धरता येणार नाही. त्याच्या जागी एक नवीन लिही, आत्ता, इथे, माझ्यासमोर. जमलं तर सही.

धाकटीने इकडे तिकडे कागद शोधला. मी मापांची वही तिच्यापुढे सरकवली. थोरलीने भुवया वर केल्या.

धाकटीने पेन टेकवलं. लिहिलं, खोडलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा लिहिलं. सरांनी वाचलं. लाल पेन वर उचललं, आणि एकाही अक्षराला न लावता खाली ठेवलं. मग खिशातून निळं पेन काढून फॉर्मवर सही केली.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"जोपर्यंत आई डोळे दाखवून चष्मा घेत नाहीत..." धाकटी म्हणाली आणि थांबली.

"अर्धं काय सांगतेस? हे नुसतं अस्तर झालं. कोट कुठाय?"

"...तोपर्यंत मी नोकरीला जाणार नाही."

"माझ्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर मला धमकी?"

"धमकी नाही आई. क्लॉज आहे."

सर म्हणाले, "उत्तम क्लॉज आहे." मी म्हटलं, तुम्ही तिथे उभे राहा आणि हात वर करा, उजवं अस्तर बदलायचंय. पुऱ्या मापाचा तुकडा थोरलीने तासाभरात बसवला. सर लिहिलेला तुकडाही घडी करून घेऊन गेले, सातवं तेवढं कात्री मागून आधी कापून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी मला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली. मी गेले म्हणण्यापेक्षा नेली गेले. तिथल्या माणसाने मला उंच खुर्चीत बसवलं, नाकावर लोखंडी सांगाडा चढवला आणि भिंतीवरच्या पाटीकडे काठी दाखवून म्हणाला, "वाचा आजी, कुठपर्यंत दिसतं?"

"आजी तुझ्या घरी," मी म्हटलं. "आणि अक्षरं नको. सुई आण. सुई आणि काळा दोरा."

तो धाकटीकडे बघायला लागला. धाकटीने पर्समधून काढून दिली. शिवणाच्या दुकानातली पोरगी आहे, सुई जवळ असतेच. तो काचा बदलत गेला, मी दोरा लावत गेले. दोरा बाजूने जायचा, वरून जायचा, बोटाला लागायचा. तो म्हणाला, असे कोणी डोळे तपासत नाही. मी म्हटलं, तू काच बदल.

सहाव्या काचेला सुईचं नाक दिसलं. केवढं मोठं ते, दारासारखं! दोरा एका फटक्यात आत गेला.

मी सुई धाकटीपुढे धरली. "हे घे. दिसलं. आता जा नोकरीला."

"आई, अजून परीक्षा व्हायचीय."

"मग इथे काय उभी राहिलीस?" मी म्हटलं, आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. पोरीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. रात्रीचे अभ्यास. "घरी जा. जेव, झोप, आणि मग वाचायला बस. काज मी करते आज."